उत्तर श्रीलंकेतले भूसुरुंग आणि त्यातून वाचलेली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्ध 2009 मध्ये संपलं. मग अजून सुरुंग कसे काय?

हा प्रश्न हमखास पहिला येतो, म्हणून सुरुवात इथूनच. युद्ध 1983 ते 2009 असं चाललं आणि सुरुंग दोन्ही बाजूंनी पेरले. लष्कराने आपल्या छावण्या आणि आघाडीच्या रेषा राखायला पेरले, लिट्टेनेही, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या संघटनेनेही, तेच केलं. शेवटच्या वर्षभरात लिट्टे मागे हटत गेली, तेव्हा मातीचे लांबच लांब बांध घालून त्यांच्यापुढे सुरुंगांचे पट्टेच्या पट्टे पेरत गेली. वर न फुटलेले तोफगोळे, हातबॉम्ब, मॉर्टर. पेरायला जितके दिवस लागले, तितकी वर्षं ते काढायला लागतात. हे अलंकारिक बोलणं नाही. का लागतात, ते पुढे येईलच.

नेमके आहेत कुठे? सगळ्या श्रीलंकेत?

नाही. कोलंबो, कँडी, गॉल इकडे हा प्रश्नच नव्हता. भार उत्तर प्रांतावर आहे: जाफना, किलिनोच्ची, मुल्लैतिवू, मन्नार आणि वावुनिया. पूर्वेचा बट्टिकलोआ जिल्हा 2017 मध्ये सुरुंगमुक्त जाहीर झाला.

यातलं एक नाव लक्षात ठेवा, मुहामालई. जाफना द्वीपकल्प मुख्य भूमीला जिथे चिंचोळ्या पट्टीने जोडलेलं आहे, तिथे ए-9 रस्त्यावरचं हे गाव. 2000 नंतर लढाईची रेषा वर्षानुवर्षं इथेच अडकून पडली. 2002 च्या शस्त्रसंधीनंतर इथे दोन्ही बाजूंची तपासणी नाकी होती, ऑगस्ट 2006 मध्ये ती बंद पडली आणि लढाई पुन्हा पेटली. एकाच जमिनीवर इकडून पेरणी, तिकडून पेरणी, त्यावर तोफांचा मारा, मग त्यावर नवीन पेरणी. जगातल्या अत्यंत दाट सुरुंगक्षेत्रांमध्ये मुहामालईचं नाव घेतलं जातं, ते उगाच नाही.

पेरणाऱ्यांकडे नकाशे असतीलच ना?

लष्कराकडे नोंदी होत्या आणि त्यांचा उपयोग झाला. पण नकाशा म्हणजे पाटबंधारे खात्याचा नकाशा नव्हे. खुणेसाठी धरलेलं झाड तोफगोळ्याने उडालेलं असतं, बांध पावसाने बसलेला असतो. आघाडी दोन किलोमीटर पुढेमागे झाली की जुन्या नोंदीला काही अर्थ उरत नाही. लिट्टेच्या नोंदी तर बहुतांशी हाती लागल्याच नाहीत. ज्यांनी पेरले ते अखेरच्या लढाईत मारले गेले.

म्हणून पहिलं काम असतं विचारपूस. गावोगाव जायचं, गुराख्यांना, सरपण गोळा करणाऱ्यांना, जुन्या लढवय्यांना विचारायचं: गाय कुठे मेली, स्फोट कुठे ऐकू आला, कुठल्या वाटेने कोणी जात नाही. या विचारपुशीला सर्वेक्षण म्हणतात आणि बाहेरच्यांना ते कारकुनी काम वाटतं. खरं तर सगळ्यात जास्त जमीन याच टप्प्यात मोकळी होते. संशयित म्हणून लाल रंगवलेल्या क्षेत्रातला मोठा भाग नुसत्या भीतीने लाल झालेला असतो.

सिनेमात दाखवतात तसं, पाय ठेवला तरी चालतं, पाय उचलला की फुटतो, हे खरं का?

खोटं. इथे सापडणारे बहुतेक सुरुंग दाबाने फुटतात. पाय पडला की फुटला. पाय घट्ट रोवून उभं राहायचं आणि कोणी तरी येऊन वाचवायचं, एवढा वेळ कोणाला मिळत नाही.

जमिनीत इतकी वर्षं राहून ते कुजत, गंजत नाहीत?

कवच प्लास्टिकचं असेल तर गंजणार काय? दुसऱ्या महायुद्धातले सुरुंग इजिप्तच्या वाळवंटात आजही माणसं मारतात. काही सुरुंगांचे आतले भाग कालांतराने खराब होतात हे खरं. लिट्टेचा ‘जॉनी 95’ लाकडी पेटीचा होता, तो दमट मातीत कुजतो. पण कुजलेला सुरुंग म्हणजे सुरक्षित सुरुंग नव्हे. तो कधी फुटेल याचा अंदाज उलट आणखी अवघड होतो. काळावर भरवसा ठेवून बसण्याचा पर्याय इथे नाही.

डिटेक्टर फिरवायचा, आवाज आला की खणायचं. यात इतका वेळ का जातो?

दोन कारणांनी, आणि दोन्ही एकमेकांच्या उलटी आहेत.

एक, जिथे लढाई झाली तिथे जमिनीत लोखंडच लोखंड. काडतुसांची टोपणं, तोफगोळ्यांच्या चिपा, काटेरी तारेचे तुकडे, खिळे, घराच्या पत्र्याचे अवशेष. प्रत्येकावर डिटेक्टर वाजतो आणि प्रत्येक आवाज हा सुरुंगच आहे असं धरून खणावं लागतं. शंभर वेळा खिळा निघाला म्हणून एकशे एकाव्या वेळी हात सैल सोडता येत नाही.

दोन, ज्या सुरुंगावर डिटेक्टर वाजायला हवा, तो जेमतेम वाजतो. लष्कराने वापरलेला पाकिस्तानी बनावटीचा ‘पी-4’ हा सुरुंग घ्या. हाताच्या तळव्यात मावेल एवढा, प्लास्टिकचा, आतलं स्फोटक साधारण 30 ग्रॅम आणि धातू अगदी नावापुरता. लिट्टेने त्याची नक्कल करून ‘रंगन 99’ बनवला. म्हणजे खिळा बोंबलतो आणि सुरुंग गप्प बसतो.

मग करतात काय?

दंताळं वापरतात. हो, शेतातलं दंताळंच म्हणा, फक्त वजनाने भारी आणि दांडा लांब. ही पद्धत श्रीलंकेच्या वाळूसारख्या भुसभुशीत जमिनीत रुजली.

डोळ्यांपुढे आणा: मीटरभर रुंदीची एक गल्ली, दोन्ही कडांना खुंट्या आणि दोरी. काम करणारीच्या अंगावर छातीपासून मांडीपर्यंत जाड संरक्षक एप्रन, तोंडापुढे पारदर्शक व्हायझर. तो घामाने आतून धूसर होतो, पण वर करायचा नाही. ती उभी आहे ती साफ झालेल्या, ठरावीक खोलीपर्यंत खरवडलेल्या जमिनीवर, आणि पुढे आहे अस्पर्श जमिनीची एक छोटी उभी कड. जड दंताळ्याने ती त्या कडेची माती सैल करते, मग हलक्या दंताळ्याने ती माती पदरात घेतल्यासारखी आपल्याकडे ओढते. पुन्हा सैल, पुन्हा ओढ. सुरुंग वरून दाबला तर फुटतो, आणि दंताळं त्याच्याकडे बाजूने जातं; सगळी मेख या एका गोष्टीत आहे. मातीतून हिरवट किंवा करडी गोल कड डोकावली की दंताळं खाली. तिने पुढे काही करायचं नसतं. हात वर करून पर्यवेक्षकाला बोलवायचं. पुढचं काम, म्हणजे सुरुंग निकामी करणं किंवा जागच्या जागी उडवणं, ज्याला त्याचं प्रशिक्षण आहे त्याचं.

खोलीचा आंतरराष्ट्रीय मापदंड, वेगळी माहिती नसेल तेव्हा, साधारण 13 सेंटिमीटर आहे. तेवढी माती, चौरस मीटरमागून चौरस मीटर, हाताने. एका माणसाच्या हातून दिवसाला दहा-वीस चौरस मीटर झाले तरी काम चांगलं झालं म्हणायचं. ऊन डोक्यावर आलं की लक्ष उडतं, म्हणून काम पहाटे लवकर सुरू होतं आणि ठरलेल्या वेळाने सक्तीची विश्रांती असते. ‘अजून थोडं करून टाकू’ म्हणणाऱ्याला या कामावर ठेवत नाहीत.

इतकी यंत्रं आली, कुत्रे आहेत, ते उंदीर आहेत. त्यांचं काय?

यंत्रांचा उपयोग आहेच. मुहामालईसारख्या ठिकाणी बांध आणि बंकर फोडायला चिलखती लोडर लागतात. ताडाचे ओंडके घालून बांधलेले बंकर जमिनीत अर्धे गाडले गेलेत, तिथे दंताळ्याचं काम नाही. लोडर माती उचलतो, ती चाळली जाते, पसरली जाते आणि मग पुन्हा माणसं ती डोळ्यांखालून घालतात. कुत्रे वासाने शोधतात. मोठ्या संशयित जमिनीत कुठे काही नाही हे लवकर कळायला ते फार चांगले.

आणि उंदीर म्हणजे टांझानियात प्रशिक्षण मिळालेले आफ्रिकी थैलीवाले उंदीर. त्यांचा मगावा नावाचा उंदीर कंबोडियात काम करून 2020 मध्ये शौर्यपदक मिळवून गेला. गोड गोष्ट आहे, मलाही आवडते. पण कुत्रा असो की उंदीर, तो जागा दाखवतो; खाली बसून माती बाजूला करणारा हात माणसाचाच असतो, आणि बातमीत तो हात सहसा दिसत नाही.

लष्कराला हे झटपट जमायला हवं, नाही का?

लढाईत लष्कर सुरुंगातून वाट काढतं, तेव्हा त्याला फौज पलीकडे जाण्यापुरती पट्टी हवी असते. काही सुरुंग राहिले तरी लढाई चालू राहते. शेतकऱ्याला पट्टी नको असते, अख्खं शेत हवं असतं आणि त्यात एकही राहून चालत नाही. दोन वेगळे उद्योग आहेत. श्रीलंकेच्या लष्कराचं मानवतावादी सुरुंग-सफाईचं स्वतंत्र पथक आहे आणि त्याने बरीच जमीन मोकळीही केली. त्याच्या जोडीला हॅलो ट्रस्ट आणि मॅग या ब्रिटिश संस्था, तसंच डॅश आणि शार्प या स्थानिक संस्था. सगळ्यांवर देखरेख राष्ट्रीय सुरुंग कृती केंद्राची.

सफाईच्या कामावर बायका जास्त दिसतात. असं का?

दिसतात, कारण आहेत. वन्नी भागात, म्हणजे जाफन्याच्या खालच्या जंगल-पाणथळ पट्ट्यात, नवरा मेलेला, बेपत्ता किंवा अपंग असलेली घरं असंख्य. बाईच कमावणारी. भातकापणीची मजुरी हंगामी आणि तुटपुंजी. सफाईचा पगार दरमहा येतो, विमा असतो. काहींच्या बाबतीत ज्या जमिनीवर त्या दंताळं ओढतात, ती त्यांच्याच नात्यातल्या कोणाची तरी असते.

‘बायका जात्याच चिकाटीच्या, म्हणून त्यांना हे जमतं’ असं कौतुक बरेचदा वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. त्यांना जमतं कारण त्यांना प्रशिक्षण मिळालं आणि दुसरा चांगला रोजगार नव्हता.

सुनामीने किंवा पुराने सुरुंग वाहून जातात का?

हलके प्लास्टिकचे सुरुंग पाण्याबरोबर सरकतात. 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीनंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर ही भीती होतीच. बोस्नियात मे 2014 च्या महापुराने तर सुरुंगांसकट धोक्याच्या पाट्याही वाहून नेल्या. पाणी ओसरल्यावर जुनी खूण म्हणजे शपथ नव्हे, एवढं ध्यानात ठेवावं.

जमीन साफ झाली हे शेवटी कोण सांगतं? आणि लोक विश्वास ठेवतात?

काम करणारी संस्था स्वतः नाही सांगत. राष्ट्रीय केंद्राचे तपासनीस येतात, साफ केलेल्या जमिनीचा काही भाग पुन्हा तपासतात, मग कागद होतो आणि जमीन सोपवली जाते.

विश्वासाची गोष्ट वेगळी. ज्याने त्याच शेतात बैल गमावला, तो कागद पाहून नांगर घालत नाही. कित्येक देशांत सफाई करणारी तुकडी गावकऱ्यांसमोर त्या जमिनीवरून स्वतः चालून दाखवते. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: खरं पाहता इथे सुरुंग काढत नाहीत, ‘इथे काहीही नाही’ असं छातीठोक सांगण्याचा अधिकार कमावतात. दहा चौरस मीटरमध्ये एकही सुरुंग मिळाला नाही तरी तो दिवस फुकट गेला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. शेवटच्या लढाईतून सुमारे 3 लाख लोक विस्थापित होऊन वावुनियाजवळच्या मणिक फार्मसारख्या छावण्यांत आले. ‘गावात सुरुंग आहेत’ हे त्यांना परत न पाठवण्याचं सरकारी कारण होतं. ते खरंही होतं. पण सुरुंगाची जमीन आणि लष्कराने ताब्यात ठेवलेली जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उत्तरेतल्या माणसाला तो फरक नीट कळतो. मणिक फार्म सप्टेंबर 2012 मध्ये बंद झालं. ताब्यातल्या जमिनींची भांडणं त्यानंतरही चालू राहिली.

स्फोटात नेमकं काय होतं? ‘पाय गेला’ म्हणजे किती गेला?

छोटा सुरुंग माणूस मारायला नसतोच, जायबंदी करायला असतो. एका जखमीला उचलायला दोन सैनिक लागतात, असा तो हिशेब. पाऊल जातंच. पण स्फोट खालून वर येतो आणि माती, चपलेचे तुकडे, प्लास्टिक, हाडाच्या किरचा पोटरीच्या स्नायूंमध्ये खोल घुसवतो. वरून त्वचा ठीक दिसते, आतलं मांस मेलेलं असतं. म्हणून शल्यविशारद दिसतं त्याच्या बरंच वर कापतात आणि जखम लगेच शिवत नाहीत. उघडी ठेवतात, काही दिवसांनी पुन्हा पाहतात, मग बंद करतात. घाईने शिवलेली जखम आत सडते.

गुडघा वाचला की नाही, यावर पुढचं अख्खं आयुष्य ठरतं. गुडघ्याखाली कापलेला माणूस कृत्रिम पाय लावून सायकल चालवू शकतो, शेतात उभा राहू शकतो. गुडघ्याच्या वर कापलेल्याला प्रत्येक पावलाला कितीतरी जास्त ताकद लागते.

जमिनीतली वस्तू हाताळताना स्फोट झाला तर मात्र हात आणि डोळे जातात. यात मुलं जास्त असतात, आणि भंगार गोळा करणारेही.

जयपूर फूट तिथेही वापरतात का?

वापरतात, आणि फार आधीपासून. जयपूरच्या रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो 1968 च्या सुमारास घडवला. कोलंबोतल्या ‘फ्रेंड-इन-नीड’ सोसायटीने 1985 मध्ये त्याचं काम सुरू केलं, आणि युद्ध चालू असतानाच जाफन्यात जाफना जयपूर केंद्र उभं राहिलं. मार्च 2010 मध्ये भारताच्या मदतीने मणिक फार्मवर जयपूर फूटचं शिबिर झालं.

तो तिथे चालला कारण तो पाश्चात्त्य कृत्रिम पायासारखा बुटावर अवलंबून नाही. रबराचं पाऊल, रंग कातडीचा, बोटंसुद्धा कोरलेली. अनवाणी चालता येतं, चिखलात उभं राहता येतं, घोटा वळतो म्हणून उकिडवं बसता येतं. जाफन्याच्या नल्लूर मंदिरात चपला बाहेर काढून जायचं असतं. ज्याचा पाय बुटाशिवाय उभाच राहत नाही, त्याला तिथे दारातच थांबावं लागेल. दोन पायांवर असताना असल्या गोष्टी आपल्या गावीही नसतात.

एकदा पाय बसला की झालं, असं समजायचं का?

इथेच सगळ्यात जास्त लोकांचा अंदाज चुकतो.

कापलेल्या पायाचं टोक, ज्याला दवाखान्यात ‘स्टंप’ म्हणतात, ते हाड आणि कातडी. तळपायासारखी वजन पेलायला घडलेली जागा नव्हे. त्यावर कृत्रिम पायाची वाटी, म्हणजे सॉकेट, घट्ट बसते. सकाळी ठीक बसलेली वाटी उन्हात, घामात दुपारपर्यंत घासू लागते. स्टंपवर चढवायचा सुती मोजा रोज धुवावा लागतो, एकही सुरकुती राहिली तर संध्याकाळी तिथे फोड. फोड आला की पाय काढून ठेवायचा, आणि पाय काढला की मजुरी बुडते. दोन दिवस, चार दिवस. पहिल्या वर्षात स्टंप आकसतो, वाटी ढिली पडते, ती पुन्हा करून घ्यावी लागते. नंतरही मोठ्या माणसाला साधारण तीन ते पाच वर्षांनी पाय बदलावा लागतो. वाढत्या मुलाला सहा महिन्यांनी, वर्षाने. शिवाय मुलाचं हाड कातडीपेक्षा वेगाने वाढतं आणि टोकाला बाहेर यायला बघतं, पुन्हा शस्त्रक्रिया.

आता हिशेब करा. दहाव्या वर्षी पाय गेलेल्या मुलीला साठीपर्यंत किती पाय लागतील? वीस, कदाचित त्याहून जास्त. प्रत्येक वेळी केंद्रापर्यंतचा बस प्रवास, राहण्याची सोय, बुडालेली मजुरी. सुरुंगाच्या मैदानाला शेवटची तारीख देता येते, या मुलीच्या पायाला देता येत नाही. देणगीदार मात्र शेवटची तारीख असलेल्या कामाला पैसे देतात. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे.

नसलेला पाय दुखतो म्हणतात, ते मनाचे खेळ का?

नाही. मेंदूतली पायाची जागा तशीच असते, आणि नसलेल्या बोटांत आग, मुरड, पेटका जाणवतो. त्याला ‘फँटम पेन’ म्हणतात. काहींना आरशासमोर चांगला पाय हलवून, तो दुसराच आहे असं मेंदूला भासवण्याच्या व्यायामाने बरं वाटतं.

मनाचं दुखणं वेगळं, आणि त्याचा उपचार फारच तोकडा पडतो. घरातले दोघे-तिघे युद्धात गेलेत, एक बेपत्ता आहे, त्यात आपला पाय. इथे समुपदेशकापेक्षा पुष्कळदा आधीचा जायबंदी माणूस जास्त उपयोगी पडतो. काबूलच्या रेड क्रॉसच्या अस्थिव्यंग केंद्रात जवळजवळ सगळे कर्मचारी स्वतः अपंग आहेत. दारातून कुबडीवर आत येणाऱ्याला समोर पांढऱ्या कोटात कृत्रिम पायावर चालणारा माणूस दिसतो. त्याच्या तोंडून काही ऐकायची गरज पडत नाही.

सरकार मदत करत नाही का?

करतं, पण सगळ्यांना सारखी नाही. लष्करातल्या जखमींसाठी निवृत्तिवेतन आणि रागामाला पुनर्वसन केंद्र आहे. नागरिकाच्या वाट्याला अपंगांसाठीचा सर्वसाधारण मासिक भत्ता, तोही यादीत नाव लागलं तर. आणि लिट्टेत असताना पाय गमावलेला, त्यातही बळजबरीने भरती झालेला, तो सगळ्यात शेवटी. एकाच सुरुंगक्षेत्रात, एकाच प्रकारच्या सुरुंगाने गेलेला पाय. पण तो कोणाचा, यावर त्याची किंमत ठरते.

‘पीडित’ म्हणावं की आणखी काही?

स्वतः त्यांना विचारलं तर बहुतेक जण नावाने हाक मारा म्हणतील. लिहिताना मी ‘वाचलेले’ असं लिहितो. ओटावाच्या सुरुंगबंदी आणि ऑस्लोच्या क्लस्टर बॉम्बबंदी करारांच्या भाषेत मात्र ‘पीडित’ या शब्दात घरचे आणि गावही येतात, आणि ते बरोबर आहे. घरातला एक पाय गेला की शाळा बहुधा थोरल्या मुलीची सुटते.

जनावरांचं काय?

गाई मरतात, आणि गाय गेली तर भरपाई कोणी देत नाही. पिन्नवलाच्या हत्ती अनाथालयातली समा ही तीन पायांवर चालणारी हत्तीण बऱ्याच पर्यटकांनी पाहिली असेल. तिचा पुढचा पाय लहानपणी सुरुंगाने गेला.

भारताचा यात संबंध काय?

दोन प्रकारे. भारताची शांतिसेना 1987 ते 1990 तिथे होती. ऑक्टोबर 1987 च्या जाफन्याच्या लढाईत 1 मराठा लाइट इन्फन्ट्री आणि 8 महार या पलटणी होत्या. रस्त्यात पुरलेल्या स्फोटकांनी तिथे किती जवान गेले, हे महाराष्ट्रातल्या काही घरांना कोणी सांगायला नको. दुसरं म्हणजे, युद्धानंतर भारताने खर्च करून भारतीय सुरुंग-सफाई पथकं तिथे पाठवली. सर्वत्र आणि होरायझन या निवृत्त लष्करी माणसांच्या संस्थांनी तिथे काम केलं.

श्रीलंका सुरुंगबंदी करारात आहे? आणि भारत?

ओटावा करार 1997 चा, 1999 पासून लागू. श्रीलंका त्यात डिसेंबर 2017 मध्ये आली. करार त्या देशाला लागू झाल्यापासून दहा वर्षांत सगळी सुरुंगक्षेत्रं साफ करायची. श्रीलंकेला तो 1 जून 2018 पासून लागू झाला, म्हणजे मुदत 1 जून 2028.

भारत करारात नाही. सीमेच्या संरक्षणासाठी सुरुंग लागतात, अशी भूमिका आहे. सुरुंगांच्या वापरावर काही बंधनं घालणारा, पारंपरिक शस्त्रांवरच्या वेगळ्या आंतरराष्ट्रीय करारातला 1996 चा दुरुस्त प्रोटोकॉल भारताने मान्य केला आहे. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान हेही बाहेरच. आणि वारं उलटं वाहतंय: 2025 मध्ये फिनलंड, पोलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी रशियाच्या भीतीने करारातून बाहेर पडण्याची प्रक्रिया केली. ती भीती समजू शकते. पण मुहामालईतही प्रत्येक सुरुंग भीतीपोटीच पेरला होता.

खर्च किती येतो, पैसे कोण देतं?

1990 च्या दशकात संयुक्त राष्ट्रांकडून एक अंदाज वारंवार सांगितला जायचा: सुरुंग बनवायला 3 ते 30 डॉलर, काढायला 300 ते 1,000. पैसे मुख्यतः परदेशी सरकारांकडून येतात: जपान, अमेरिका, ब्रिटन, नॉर्वे वगैरे. अशा पैशाचा धोका जानेवारी 2025 मध्ये दिसला. अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि जगभरची सुरुंग-सफाईची कामं अडली. जमीन अर्धी खरवडलेली, दोऱ्या लावलेल्या, आणि माणसं घरी.

काम संपलं की दंताळं ओढणाऱ्या बायकांचं काय होणार?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. सगळं वेळेवर झालं तर या बायकांचा पगार त्याच दिवशी थांबतो. शिवणकाम, शेळ्या, ताडपानाच्या वस्तू, वाहन चालवणं अशी प्रशिक्षणं देतात. पण दहा-बारा वर्षं नियमित पगार घेतलेल्या, पथक चालवलेल्या बाईला ताडपानाच्या टोपल्या विणायला सांगणं म्हणजे तिची पायरी उतरवणं आहे. काही जणी अनुभवावर दुसऱ्या देशांतल्या सुरुंगक्षेत्रांत प्रशिक्षक म्हणून जाऊ शकतील. घरात लहान मुलं आणि म्हातारी सासू असलेल्या बहुतेकींना ते शक्य नाही.

जाफन्याला फिरायला जाणं सुरक्षित आहे का?

आहे. कोलंबोहून यालदेवी ही गाडी ऑक्टोबर 2014 मध्ये पुन्हा जाफन्यापर्यंत सुरू झाली, 2019 मध्ये पलालीचा विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला. ए-9 वर बिनधास्त प्रवास करा, रुळलेल्या वाटा सोडू नका. तमिळ, सिंहली आणि इंग्रजीत लिहिलेली, कवटीचं चित्र असलेली लाल पाटी दिसली की तिथूनच मागे वळा. जमिनीवर धातूची किंवा प्लास्टिकची अनोळखी वस्तू दिसली तर हात लावू नका, दगड मारू नका. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने परता आणि पहिल्या भेटणाऱ्या गावकऱ्याला किंवा पोलिसाला सांगा. माथा उडालेल्या ताडांचे फोटो लोकांना काढावेसे वाटतात. ते रस्त्यावरूनही चांगले येतात.